मित्र, माध्यम आणि मालक

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे प्रश्न आ वासून उभे असताना अभ्यासवर्गाची एक संपूर्ण बैठक ‘प्रौढ माणसाची मैत्री आणि समाजमाध्यमे’ या विषयाला का द्यावी? मैत्री ही ज्याची त्याची खाजगी बाब. तिचा अर्थकारणाशी संबंध तो काय? शंका रास्त आहे. परंतु ज्या गोष्टीला काल बाजारात मोल नव्हते तिला आज मोल आले, की ती गोष्ट अर्थशास्त्राच्या कक्षेत आपोआप येते. पिण्याच्या पाण्याचे तसे झाले. मैत्रीचेही आता तसेच झाले आहे.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्हींची मालकी मेटा या एकाच अमेरिकन कंपनीकडे आहे. २०२४ या वर्षात या कंपनीचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यातील जवळजवळ सगळे जाहिरातींतून आलेले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार भारतात व्हॉट्सॲप वापरणारे ५३ कोटी आणि फेसबुक वापरणारे ४१ कोटी लोक होते. म्हणजे ज्या जागी कोट्यवधी माणसे आपल्या मित्रांना भेटण्यासाठी रोज जातात, त्या जागेच्या मालकाची ही कमाई आहे. जागा कोणाची, तिचे भाडे किती आणि ते कोण भरतो, हे प्रश्न विचारणे हे समाजवाद्याचे जुनेच काम आहे. ते काम येथे करावयाचे आहे.

आधी जमेची बाजू

कोणत्याही नव्या साधनाला नाके मुरडणे सोपे असते. ‘आमच्या वेळी माणसे भेटत असत, आता फोनमध्ये तोंड खुपसून बसतात’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. हा उपदेश सहसा ज्यांना भेटायला सवड आणि मुभा होती, तेच करतात. म्हणून प्रथम जमेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे.

महाराष्ट्रात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या फोनमध्ये बहुधा एक ग्रुप हमखास आढळतो. तो शाळेच्या दहावीच्या वर्गाचा असतो. कोणीतरी एक खटपट्या मनुष्य पाच-सहा जणांचे नंबर जमवतो, त्यांच्याकडून आणखी दहा मिळतात आणि महिन्याभरात तीस वर्षांपूर्वीचा वर्ग पुन्हा भरतो. या वर्गात मुली जेव्हा परत येतात, तेव्हा जे घडते त्याचे महत्त्व पुरुषांच्या सहसा ध्यानात येत नाही. पुरुषाला मैत्रीसाठी समाजाने नेहमीच जागा दिली. गावचा पार, नाक्यावरचा कट्टा, तालीम, युनियनचे कार्यालय, चहाचे हॉटेल, या सर्व जागा त्याच्या होत्या. मुलीचे मात्र लग्न झाले, की आडनाव बदले, कित्येकदा नावही बदले, गाव बदले आणि मैत्रिणी सुटत. नवऱ्याचे मित्र घरी येत आणि ती चहा करी; तिच्या मैत्रिणी घरी येण्याची रीत नव्हती. पाणवठा, हळदीकुंकू, मंगळागौर एवढ्याच तिच्या जागा, आणि त्याही सासरच्या नात्यागोत्याच्या आणि जातीच्या चौकटीतल्या. अशा स्त्रीला माहेरच्या नावाने कोणीतरी शोधून काढले, शाळेतल्या नावाने हाक मारली आणि दुपारी स्वयंपाकघर आवरल्यावर तिला अर्धा तास मैत्रिणीशी बोलता येऊ लागले. या घटनेला क्रांती म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु हे स्वातंत्र्य तिला कोणत्याही सुधारणावादी ठरावाने मिळाले नव्हते, ते या फोनने दिले.

गावच्या पाराविषयीही हळवे होण्याचे कारण नाही. त्या पारावर कोणी बसावे आणि कोणी लांब उभे राहावे, हे जातीने ठरवलेले होते. वर्गाच्या ग्रुपमध्ये निदान यादी हजेरीपटावरून होते.

दुसरी गोष्ट २०२० व २०२१ या करोनाच्या वर्षांची. शासकीय यंत्रणा अपुरी पडली तेव्हा कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, प्राणवायूचे सिलिंडर कोठे मिळेल, कोणाचा रक्तगट कोणता, ही माहिती अशाच ग्रुपांमधून हातोहात पोहोचली. दुबईत असलेल्या मुलाच्या वर्गमित्राने पुण्यात त्याच्या आईवडिलांना डबा पोहोचवावा, अशा गोष्टी त्या काळात नवलाच्या राहिल्या नाहीत. तेव्हा साधन खोटे आहे असे म्हणता येणार नाही. मैत्रीची ओढ खरी आहे आणि साधनही उपयोगाचे आहे.

पोकळी आधीची आहे

मग बिघडले कोठे? येथे कार्यकारणाचा क्रम नीट लावला पाहिजे. फोन आला आणि मैत्री तुटली, असा क्रम सर्रास सांगितला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. मैत्री ज्या पायावर उभी होती तो पाया आधी ढासळला आणि त्या मोकळ्या जागेत फोन शिरला.

मुंबईचे गिरणगाव हे याचे ठळक उदाहरण आहे. लालबाग-परळच्या चाळींतून कोकणातल्या व घाटावरच्या चाकरमान्यांचे गाळे होते. एका खोलीत दहा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत, पगार एकाच तारखेला, संकट एकाच प्रकारचे, आणि गावाकडे जाणारी गाडीही एकच. त्या माणसांना मैत्री ‘टिकवावी’ लागत नव्हती. ती कामाच्या पाळीबरोबर आपसूक टिकत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतरच्या दोन दशकांत गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि कामगारांची कुटुंबे कल्याण, डोंबिवली, विरार, पनवेलपर्यंत पांगली. ज्यांची दारे समोरासमोर होती त्यांच्यामध्ये आता तीन रेल्वेमार्ग आले. त्या वेळी फेसबुक जन्मालाही आले नव्हते.

हेच खेड्यातही झाले. तरुण पुणे-पिंपरीच्या कारखान्यांत, सुरतेत, आखातात गेले. ज्या मित्राबरोबर शाळेची वाट तुडवली तो वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला भेटू लागला.

यात वेळेचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. रॉबर्ट ओवेन याने १८१७ च्या सुमारास दिवसाचे तीन भाग केले: आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास मनोविनोद. या तिसऱ्या भागातच मैत्री राहते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झुंजीमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. रविवार म्हणजे कामगाराला मिळालेला आप्तेष्टांचा दिवस होता. आज ही मिळकत पुन्हा हातची जात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याच्या तासांचा आणि जादा मोबदल्याचा नियम सोबत आहे, असे समर्थन केले जाते. परंतु बारा तासांची पाळी आणि त्यावर दोन-अडीच तासांचा लोकलचा प्रवास केल्यानंतर माणूस मित्राच्या घरी जाऊ शकत नाही. तो गाडीत उभ्या उभ्या अंगठा वर करण्याचे चिन्ह पाठवू शकतो. तो तेच करतो आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

तेव्हा प्रौढांच्या एकटेपणाला त्यांचा आळस किंवा फोनचे वेड एवढेच कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मधील अहवालात जगातील दर सहा माणसांमागे एकजण एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे म्हटले, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध जोडला. हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे आता आरोग्यशास्त्रच सांगू लागले आहे.

आवळा आणि कोहळा

या पोकळीत माध्यम कसे शिरले ते पाहण्यासारखे आहे. व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. जाहिराती घ्यावयाच्या नाहीत, असे त्याच्या संस्थापकांचे धोरण होते आणि काही काळ वर्षाला एक डॉलर एवढी अल्प वर्गणी आकारली जात होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ते सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेतले. त्या वेळी त्याचे वापरकर्ते सुमारे ४५ कोटी होते आणि नोकर फक्त पंचावन्न. पंचावन्न माणसांच्या कंपनीला एवढी किंमत कशाची मिळाली? इमारती नव्हत्या, यंत्रसामग्री नगण्य होती. किंमत मिळाली ती त्या ४५ कोटी माणसांच्या परस्परसंबंधांची. आणि ते संबंध कंपनीने निर्माण केलेले नव्हते. ते शाळेच्या बाकावर, कारखान्याच्या पाळीत, एकाच चाळीत निर्माण झाले होते. जानेवारी २०१६ मध्ये वर्गणी रद्द झाली आणि जून २०२५ मध्ये व्हॉट्सॲपच्या एका भागात जाहिराती आणण्याची घोषणा झाली. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण अशाच व्यवहारासाठी आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत याला खंड म्हणतात. जमीनदार जमीन पिकवत नाही. पिकवणाऱ्याला तिच्यावाचून गत्यंतर नसते म्हणून त्याला खंड मिळतो. येथे गत्यंतर का नसते? साधा हिशेब करावा. पन्नास जणांच्या वर्गात दोघादोघांच्या जोड्या १,२२५ होतात. एखाद्याने ठरवले, की ही कंपनी आपल्याला नको, तर त्याचे एक यंत्र सुटत नाही, त्याच्या एकोणपन्नास माणसांशी असलेल्या वाटा एकदम बंद होतात. सर्वांनी मिळून एकाच दिवशी दुसरीकडे जाणे तर अशक्यप्राय आहे. म्हणून नाराज मनुष्यही तेथेच राहतो. ही त्याची पसंती नव्हे, ही त्याची अडवणूक आहे.

संदेशाचा मजकूर कंपनीला वाचता येऊ नये अशी व्यवस्था व्हॉट्सॲपमध्ये २०१६ पासून आहे, हेही सांगितले पाहिजे. परंतु कोण, कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलतो, ही माहितीसुद्धा मोलाची असते. जानेवारी २०२१ मध्ये ही कंपनी आपले नवे धोरण ‘पटत असेल तर राहा’ अशा पद्धतीने लोकांपुढे घेऊन आली. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी काढून टाकली.

सर्वांत उद्बोधक पुरावा मात्र कंपनीच्याच तोंडून आला. मेटाने मक्तेदारी केली आहे, असा खटला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने भरला होता. २०२५ मध्ये तो चालला तेव्हा कंपनीने बचाव केला, की आम्ही आता मित्रांचे माध्यम राहिलेलोच नाही. फेसबुकवर लोक जो वेळ घालवतात त्यातील जेमतेम १७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेले काही पाहण्यात जातो आणि इन्स्टाग्रामवर तर ७ टक्केच, असे आकडे न्यायालयापुढे आले. बाकीचा वेळ अनोळखी माणसांच्या चित्रफितींत जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मित्र भेटतील म्हणून ज्या दुकानात लोकांना बोलावले, त्या दुकानदारानेच शपथेवर सांगितले, की तुमचे मित्र आता मागच्या खोलीत असतात. मित्राच्या बातमीने माणसाचे समाधान होते आणि समाधान झालेला मनुष्य उठून जातो. अनोळखी तमाशाने समाधान होत नाही, म्हणून मनुष्य बसून राहतो. आणि तो बसून राहण्यावरच जाहिरातीचे उत्पन्न अवलंबून आहे.

सर्वांना म्हणजे कोणालाच नाही

आता मालकाकडून मित्रांकडे वळावे, कारण सर्वच दोष मालकाच्या माथी मारून मोकळे होणे हेही प्रामाणिकपणाचे नाही.

पोस्टकार्डावर एका माणसाचे नाव आणि पत्ता असे. १ जुलै १८७९ रोजी भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि पुढची शंभर वर्षे गरिबाची मैत्री त्याच्या आधारावर चालली. ते लिहिताना लिहिणाऱ्यापुढे एकच चेहरा असे. तुझ्या आईचा दमा कसा आहे, विहिरीला पाणी लागले का, हे प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारण्यासारखे नसत. ग्रुपवर टाकलेला मजकूर पन्नास जणांना जातो आणि म्हणून कोणा एकाला उद्देशून नसतो. सकाळी फुलांचे चित्र येते, वाढदिवसाला केकचे चित्र येते, निधनाला जोडलेले हात येतात. या चित्रांत पाठवणाऱ्याचे काही नसते आणि घेणाऱ्याचेही काही नसते.

अनेक ग्रुपांत घडणारा एक प्रसंग सर्वांच्या परिचयाचा असेल. सकाळी बातमी येते, की आपला अमुक वर्गमित्र रात्री गेला. पाच मिनिटांत चाळीस जण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात. दुपारपर्यंत कळते, की तो वर्षभर डायलिसिसवर होता. संध्याकाळी कोणाच्या तरी ध्यानात येते, की तो गेले वर्षभर ग्रुपवर काही बोललाच नव्हता आणि त्याच्या घरी जायला बसने अर्धा तास लागत होता. कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. ग्रुपमध्ये त्याचे नाव दिसत होते, म्हणून तो आहे असे प्रत्येकाने गृहीत धरले. पूर्वी सहा महिने पत्र आले नाही, तर चिंता वाटे आणि माणूस चौकशीला निघे. आता यादीतले नाव चिंता वाटू देत नाही. संपर्क आहे या भावनेनेच संपर्क न ठेवण्याची सोय केली, हे या माध्यमाचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात असा सिद्धांत मांडला, की माणूस सुमारे दीडशे माणसांशीच खरे संबंध राखू शकतो. समाजमाध्यमांनी ही मर्यादा वाढली काय, हे पाहण्यासाठी त्यांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधील प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. फेसबुकवरील मित्रांची सरासरी संख्या दीडशेच्याच आसपास निघाली, आणि खऱ्या अडचणीच्या वेळी ज्यांच्याकडे जाता येईल अशी माणसे सरासरीने चारच निघाली. यंत्र बदलले, माणसाची कुवत बदलली नाही. मग प्रत्येकाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न हा, की ते चार कोण आणि त्यांच्यासाठी गेल्या वर्षात किती तास दिले?

कार्यकर्ता आणि मित्र

येथे जमलेले बहुतेक जण कार्यकर्ते आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. वर्गमित्रांच्या ग्रुपमध्ये राजकीय फॉरवर्ड आला, की भांडण पेटते. दोघे-तिघे ग्रुप सोडतात. चाळीस वर्षांची मैत्री एका कोणीतरी लिहिलेल्या, कोणीही न तपासलेल्या मजकुरासाठी तुटते. हा उद्योग फक्त प्रतिपक्षच करतो, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. पुरोगामी कार्यकर्ताही दिवसाला दहा लेख त्याच ग्रुपवर टाकतो, कोणी वाचले नाहीत तर मित्रांना अज्ञानी ठरवतो आणि उत्तर आले तर त्यावर तुटून पडतो. त्याला वाटते, की आपण प्रबोधन करीत आहोत. प्रत्यक्षात त्याने मित्रांना श्रोते केलेले असते.

मित्र हा श्रोता नसतो आणि मतदारही नसतो. ज्याच्याशी मतभेद असूनही त्याच्या मुलीच्या लग्नात आपण पंगतीत वाढायला उभे राहतो, तो मित्र. समोरासमोर बसून वाद झाला, तर चेहरा दिसतो, आवाज खाली येतो, चहा येतो आणि वाद उद्यावर जातो. अक्षरांच्या वादात चेहरा नसतो आणि पन्नास प्रेक्षक असतात. मग माघार घेणे हा पराभव वाटतो. मनुष्याचे मत बदलते ते बहुधा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या सहवासात. तो विश्वासच खर्चून टाकल्यावर लेख टाकून काय साधणार?

या देशातील समाजवादी चळवळीची सुरुवातही आठवण्यासारखी आहे. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे यांच्यासारखे तरुण १९३० नंतरच्या सत्याग्रहपर्वात नाशिकच्या तुरुंगात एकत्र आले आणि तेथील चर्चांतून १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. त्यांच्या मतांत भेद होते आणि पुढे वाटाही वेगळ्या झाल्या. परंतु दीर्घ सहवासात ऐकून घेण्याची जी सवय लागते, ती पक्षाची घटना लिहून लागत नाही.

काय करता येईल

मग ही माध्यमे सोडावयाची काय? नाही. ज्या स्त्रीला तीस वर्षांनी मैत्रीण सापडली तिला हे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. करावयाच्या गोष्टी दोन पातळ्यांवर आहेत.

पहिली पातळी ज्याची त्याची. माध्यमाचा उपयोग निरोप पोहोचवण्यापुरता करावा आणि मैत्री मात्र त्याच्या बाहेर न्यावी. ग्रुपवर वाढदिवसाचे चित्र टाकण्याऐवजी त्या एका मित्राला फोन करून पाच मिनिटे बोलावे. जो बरेच दिवस गप्प आहे, त्याची चौकशी आधी करावी, कारण अडचणीतला मनुष्य सहसा बोलत नाही. मित्रांचे पत्ते आणि नंबर एका वहीत उतरवून ठेवावेत. ऑर्कुट नावाचे माध्यम २००४ मध्ये निघाले, भारतात अतिशय लोकप्रिय झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालकाने ते बंद केले. त्यावर जपलेली कित्येक नाती त्या दिवशी पत्त्यावाचून राहिली. ट्रंकेतील पत्रे मात्र तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली तरी ट्रंकेतच होती.

दुसरी पातळी सार्वजनिक, आणि ती अधिक महत्त्वाची. तीत तीन मागण्या येतात.

पहिली मागणी वेळेची. कामाचा दिवस आठ तासांचा आणि आठवड्याची सुटी अबाधित, ही मागणी आता मैत्रीच्या नावानेही केली पाहिजे. कारखान्यातील कामगाराइतकीच ती घरोघर सामान पोहोचवणाऱ्या तरुणासाठीही आहे. त्याच्या कामाला तर सुटीचा वार असा नसतोच.

दुसरी मागणी जागेची. पैसे न मोजता दोन तास बसता येईल अशी जागा आज शहरांत किती उरली आहे? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि गावोगाव वाचनालये उभी राहिली. त्यांतील अनेक संध्याकाळी लवकर बंद होतात आणि अनुदानाअभावी कशीबशी तग धरून आहेत. वाचनालय, समाजमंदिर, बाग, मैदान, बसण्याचा कट्टा, या गोष्टी चैनीच्या नाहीत. स्त्रियांनाही निर्धास्तपणे बसता येईल अशा या जागा नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आल्या पाहिजेत. आपल्या भागातील वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवणे ही मागणी लहान आहे, पण ती एका वर्षात पदरात पडू शकते.

तिसरी मागणी कायद्याची. १८७४ साली बर्न येथे निरनिराळ्या देशांनी टपालाचा करार केला आणि एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाच्या पोस्टमनने पोहोचवावे असे ठरले. आजही एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोलता येते आणि २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर एका कंपनीच्या ॲपमधून दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर पैसेही जाऊ लागले. पैसा सीमा ओलांडतो, रामराम मात्र ओलांडत नाही! यात तंत्राची अडचण नाही. युरोपीय संघाच्या कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपसारख्या बड्या माध्यमांवर इतर माध्यमांशी संदेशांची देवाणघेवाण करू देण्याचे बंधन घातले आहे. पैशांसाठी सार्वजनिक व्यवस्था उभारणारा देश संदेशांसाठी ती उभारू शकतो. तसे झाले, की मित्र न गमावता मालक सोडता येईल आणि ज्या दिवशी सोडता येईल त्या दिवशी खंड वसूल करण्याची मालकाची शक्ती ओसरेल.

मित्रहो, या मागण्यांसाठी लढा द्यावा लागेल आणि त्याला वर्षे लागतील. परंतु प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये आज कोणीतरी बरेच दिवस गप्प असलेला एक मित्र आहे. त्याच्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या रविवारी, म्हणजे लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या त्या सुटीच्या दिवशी, त्याच्या घरी जाऊन यावे.